मन्सा मूसाची संपत्ती मोजणं आता पुरे

'जगाच्या इतिहासातला सर्वांत श्रीमंत माणूस कोण? अंबानी नाही, मस्क नाही, रॉकफेलरही नाही. आफ्रिकेतल्या मालीचा राजा मन्सा मूसा!' हा मजकूर मराठी समूहांत वर्षातून दोन-चारदा तरी फिरतो. पुढे आकडा असतो, चारशे अब्ज डॉलर. मग गोष्ट: १३२४ साली हा राजा हजला निघाला, बरोबर साठ हजार माणसं, त्यात बारा हजार गुलाम, शंभरेक उंटांवर सोनं. कैरोत त्यानं इतकं सोनं वाटलं की इजिप्तची अर्थव्यवस्था बारा वर्षं कोसळली. शेवटी हातात सोन्याचा गोळा धरून बसलेल्या काळ्या राजाचं जुनं चित्र आणि 'ही माहिती तुम्हाला शाळेत कुणी सांगितली नसेल' अशी ओळ.

शाळेत सांगितली नाही हे खरंच आहे. पण सांगायची झाली तर या रूपात सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. मध्ययुगीन सहारातल्या सोन्या-मिठाच्या व्यापाराचा इतिहास एका माणसाच्या तिजोरीवर आणून बसवला की त्यातलं जे खरोखर समजून घेण्यासारखं आहे ते सगळं निसटतं. सोनं कुणी काढलं, मीठ कुणी खणलं, वाट कुणाला ठाऊक होती आणि प्रत्येक मुक्कामावर कुणी किती कापून घेतलं, यातला एकही प्रश्न 'सर्वांत श्रीमंत कोण' या प्रश्नाच्या पोटात बसत नाही.

आधी आकड्याचा निकाल लावू. २०१२ साली नामवंतांच्या संपत्तीचे अंदाज छापणाऱ्या एका संकेतस्थळानं एक यादी केली, आणि हे चारशे अब्ज तिथून जगभर सुटले. चौदाव्या शतकातल्या राजाची मालमत्ता आजच्या डॉलरमध्ये मांडायची तर निदान त्याच्या खजिन्याची नोंद हवी. ती कुठेच नाही. राजाचा खजिना आणि राज्याचा खजिना वेगळा काढायची सोय नाही. त्या काळातल्या मालीतले भाव आणि आजचे भाव यांची सांगड घालणारं मापही नाही. थोडक्यात, हे गणित मांडताच येत नाही. २०२४ च्या शेवटी मस्कची संपत्ती चारशे अब्जांच्या पुढे गेली तेव्हा खरं तर मूसाचा पहिला नंबर जायला हवा होता. मजकूर आपला फिरतोच आहे.

आता कैरो. मूसा येऊन गेल्यावर बारा वर्षांनी अल-उमरी या मामलुक (तेव्हाच्या इजिप्तच्या सुलतानांच्या) दरबारातल्या अधिकाऱ्यानं तिथल्या लोकांकडून ऐकलेलं लिहून ठेवलं आणि बहुतेक सगळी गोष्ट त्याच्याच लिखाणातून आलेली आहे. तो म्हणतो, मूसा येण्याआधी सोन्याच्या एका मिस्कालला (हे वजनाचं माप) चांदीचे पंचवीस दिरहम किंवा जास्त मिळत, त्यानंतर भाव बाविसाच्या आसपास उतरला आणि तसाच राहिला. पंचविसाचे बावीस म्हणजे बारा टक्के. एवढी घसरण आपल्याकडच्या प्रत्येक सराफानं पाहिलेली असते, तिला कुणी अर्थव्यवस्था कोसळणं म्हणत नाही. नाण्यांचा अभ्यास करणारे काही इतिहासकार तर एवढ्या घसरणीचंही श्रेय एकट्या मूसाला द्यायला तयार नाहीत.

त्याच अल-उमरीच्या त्याच लिखाणातल्या दोन गोष्टी मात्र कुणी पुढे पाठवत नाही. एक, कैरोच्या दुकानदारांनी या पाहुण्यांना मनसोक्त लुटलं. एका दिनाराचीही लायकी नसलेला अंगरखा पाच दिनारांना गळ्यात मारला. दोन, परतीच्या वेळी मूसाचे पैसे संपले आणि त्यानं कैरोतल्या व्यापाऱ्यांकडून कर्ज काढलं. तीनशे दिनार दिले की वर सातशे नफा, असा तो व्याजाचा दर. अलेक्झांड्रियाचा बडा सावकार सिराजुद्दीन इब्न अल-कुवैक वसुलीसाठी थेट मालीतल्या तिंबक्तू शहरात गेला आणि तिथेच मेला. त्याची कबर मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता यानं पाहिली होती. 'इतिहासातला सर्वांत श्रीमंत माणूस' सावकाराला तोंड देत होता, ही माहिती त्या मजकुरात घातली तर मजा जाईल, हे कबूल.

साठ हजारांचा लवाजमा आणि सोन्याच्या काठ्या घेतलेले पाचशे गुलाम हे तपशील 'तारीख अल-सूदान' या तिंबक्तूच्या बखरीतले. ती लिहिली गेली सतराव्या शतकात, म्हणजे मूसानंतर तीनशे वर्षांनी. बखरीतल्या आकड्यांकडे कसं पाहायचं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता विरुद्ध बाजू. या गोष्टीचा काही उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. 'आफ्रिकेला इतिहासच नाही' हे जर्मन तत्त्वज्ञ हेगेलनं एकोणिसाव्या शतकात व्याख्यानांतून सांगितलं होतं. १९६३ मध्ये ऑक्सफर्डचा इतिहासकार ट्रेव्हर-रोपर म्हणाला की आफ्रिकेत फक्त युरोपीयांचा इतिहास आहे, बाकी अंधार. ज्यांच्या पूर्वजांबद्दल हे बोललं गेलं त्यांनी मूसाचं चित्र भिंतीवर लावलं तर ते अगदी रास्त आहे. आपल्याकडेही आफ्रिका म्हटलं की दुष्काळ आणि जंगल यांपलीकडे फारसं काही डोळ्यापुढे येत नाही, तिथे हा राजा निदान एक धक्का देतो. तो धक्का मला हवाच आहे.

अडचण आहे ती त्यामागच्या मापाची. मूसाच्या हातात सोन्याचा गोळा देणारं ते चित्र मालीत काढलेलं नाही. ते १३७५ च्या कॅटलन नकाशातलं आहे, भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावर अब्राहम क्रेस्केस या ज्यू नकाशाकाराच्या हातून झालेलं मानतात. शेजारी मजकूर आहे: याच्या देशात इतकं सोनं सापडतं की हा या प्रदेशातला सर्वांत श्रीमंत आणि थोर राजा होय. म्हणजे आपल्या मोबाइलवर फिरणारी ओळ साडेसहाशे वर्षं जुनी आहे, आणि ती लिहिणाऱ्यांना मालीच्या लोकांबद्दल कौतुक होतं म्हणून लिहिलेली नाही. मायोर्का हे उत्तर आफ्रिकेशी व्यापार करणारं बंदर होतं. सोनं कुठून येतं हे कळलं तर मधल्या दलालांना वगळता येईल, ही त्या काळातल्या प्रत्येक भूमध्य बंदराची आस होती. चाळीस वर्षांनी, १४१५ मध्ये पोर्तुगीजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउटा घेतलं. १४८२ मध्ये आजच्या घानाच्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधला, ज्याचं नावच 'खाण' असं होतं. पुढे त्याच किल्ल्यातून माणसं जहाजात भरली गेली. आफ्रिकेच्या अभिमानासाठी आपण जे चित्र वापरतो ते गिऱ्हाइकाच्या नजरेतून काढलेलं आहे. अभिमानाला जागा हवीच असेल तर ती तिंबक्तूच्या बाजारात आहे. तिथे हस्तलिखितांच्या विक्रीत इतर कुठल्याही मालापेक्षा जास्त नफा होतो, असं सोळाव्या शतकात लिओ आफ्रिकानस हा प्रवासी लिहून गेला.

मग हा इतिहास सुरू कुठून करावा? माझं उत्तर: तघाझापासून.

तघाझा म्हणजे आजच्या मालीच्या अगदी उत्तरेकडचं, सहाराच्या पोटातलं एक उजाड ठिकाण. १३५२ च्या फेब्रुवारीत मोरोक्कोच्या सिजिल्मासाहून निघालेला इब्न बतूता पंचवीस दिवसांनी तिथे पोचला. (हाच गृहस्थ दहाएक वर्षांपूर्वी आपल्या दौलताबादला आला होता आणि नंदुरबारवरून खंबायतकडे गेला होता. मराठ्यांच्या खाण्यापिण्याबद्दलही त्यानं लिहिलं आहे.) तघाझाची घरं आणि मशीद मिठाच्या दगडांची, वर छप्पर उंटाच्या कातड्याचं. झाड एक नाही. पाणी खारट. माश्या विलक्षण. जमीन खणली की खाली मिठाच्या जाडजूड लाद्या एकावर एक रचल्यासारख्या लागतात. गावात राहतात ते फक्त मसूफा टोळीचे गुलाम, आणि त्यांचं काम एकच, मीठ खणणं. तिथे काही पिकत नाही. सिजिल्मासा आणि द्रा खोऱ्यातून खजूर येतो, दक्षिणेकडून बाजरीसारखं धान्य येतं, उंटाचं मांस असतं. तांडा आला नाही तर खायला काही नाही. आणि इब्न बतूताच म्हणतो, एवढ्याशा दरिद्री गावात सोन्याच्या भुकटीचे ढीगच्या ढीग हात बदलतात.

त्यानं भावही लिहून ठेवले आहेत, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही नोंद. एका उंटावर दोन लाद्या. वलाता या वाळवंटाच्या दक्षिण काठावरच्या गावात त्या ओझ्याला आठ ते दहा मिस्काल सोनं. तेच ओझं मालीच्या राजधानीत पोचलं की वीस ते तीस, कधी चाळीस. मीठ तिथे नाण्यासारखंही चालायचं, तुकडे करून.

'मिठाच्या वजनाइतकं सोनं मिळायचं' हे जे सगळीकडे छापलं जातं, ते या भावांवर तपासून पाहा. मिस्काल म्हणजे सव्वाचार ग्रॅमच्या आसपास. चाळीस मिस्काल, म्हणजे सर्वांत चढा भाव धरला तरी एकशे सत्तर ग्रॅम. उंटाचं ओझं नुसतं शंभर किलोचं धरलं तरी एक ग्रॅम सोन्याला जवळजवळ सहाशे ग्रॅम मीठ पडतं. वजनाला वजन ही ऐकीव कथा होती. भाव मात्र भन्नाट होताच, आणि तो चढत होता अंतराबरोबर. वलाता ते राजधानी या टप्प्यात दुप्पट-तिप्पट. हा फरक खाणाऱ्यांची साखळी म्हणजेच हा व्यापार.

पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ पट्ट्यात मीठ अजिबातच नव्हतं असं नाही. किनाऱ्यावर मिठागरं होती, वनस्पतींची राख गाळून खार काढत. पण उन्हात राबणारी माणसं, गुरांचे कळप आणि मासे-मांस टिकवण्याची गरज यांना ते पुरत नसे. शिवाय सोनं आणि मीठ यांच्यात एक मूलभूत फरक आहे, ज्याकडे सोन्याच्या झगमगाटात लक्ष जात नाही. सोनं एकदा मिळालं की पिढ्यान् पिढ्या राहतं. मीठ खाऊन संपतं, दर वर्षी नव्यानं आणावं लागतं. त्यामुळे मिठाच्या लादीवर ज्याचा ताबा, त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येणारच.

वाटेचं ज्ञान ही तिसरी गोष्ट. तघाझानंतर वलाताआधी एक मोठा निर्जल टप्पा होता. तिथून तांडा एका माणसाला एकट्याला पुढे पाठवायचा, त्याला 'तक्शीफ' म्हणत. तो वलाताला जाऊन निरोप द्यायचा, आणि तिथले लोक पाणी घेऊन चार दिवसांची वाट उलट चालत तांड्याला भेटायला यायचे. तक्शीफ वाळवंटात मेला तर निरोप पोचत नाही, आणि तांड्यातले बहुतेक सगळे मरतात. या कामाची मजुरी शंभर मिस्काल सोनं. राजधानीतल्या भावानं ती मिठाच्या तीन ते पाच उंटांची किंमत झाली. इब्न बतूताच्या तांड्याच्या या माणसाचा एक डोळा गेलेला होता, दुसरा आजारी होता, आणि तरी वाट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. त्याचं नाव इब्न बतूतानं लिहिलेलं नाही. मला विचाराल तर शाळेच्या पुस्तकात मूसाच्या चित्राऐवजी या माणसावर चार ओळी असाव्यात. ज्ञानाची किंमत बाजारात कशी ठरते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

राजे या साखळीत होते कुठे? जकात नाक्यावर. मालीच्या आधीचं घानाचं राज्य (आजच्या घाना देशाशी त्याचा भूगोल जुळत नाही, ते मॉरिटानिया-मालीच्या सीमेवर होतं) कसं चाले, हे स्पेनमधल्या कोर्दोबाच्या अल-बक्रीनं १०६८ मध्ये लिहिलं. तो स्वतः तिथे गेला नव्हता, पण जाऊन आलेल्यांना विचारून नीट नोंदी करणारा माणूस होता. गाढवभर मीठ राज्यात आलं की राजाला एक दिनार, तेच पुढे बाहेर गेलं की दोन दिनार. सोन्याचे गोटे सापडले तर ते राजाचे, लोकांना फक्त भुकटी ठेवायची मुभा. कारणही दिलं आहे: असं केलं नाही तर सोनं इतकं होईल की त्याला किंमत उरणार नाही. म्हणजे सोन्याचा पुरवठा आवळून धरायचा आणि मिठावर दोनदा कर घ्यायचा. अकराव्या शतकातलं हे धोरण आजच्या कुठल्याही अर्थमंत्र्याला लगेच समजेल.

पण खाणींवर या राजांचा ताबा किती? इथे मूसाच्या श्रीमंतीच्या कथेचा पायाच हलतो. सोनं यायचं ते सेनेगल आणि फालेमे नद्यांमधल्या बांबुकमधून आणि नायजर नदीच्या वरच्या अंगाच्या बुरेमधून. तिथले लोक मुसलमान नव्हते आणि दरबारापासून लांबच राहत. अल-उमरीनं नोंदवलं आहे की मालीचे राजे अनुभवानं शहाणे झाले होते. सोन्याचं एखादं गाव जिंकलं, तिथे बांग सुरू झाली, की तिथलं सोनं कमी कमी होत नाहीसं व्हायचं आणि शेजारच्या न जिंकलेल्या मुलखात वाढायचं. म्हणून त्यांनी जिंकणं सोडलं आणि खंडणीवर समाधान मानलं.

अरबी लेखकांनी यात काही गूढ पाहिलं. मला यात साधासुधा नकार दिसतो. सोनं काढणं हे शेतीची कामं संपल्यावरचं, कोरड्या ऋतूतलं, घरोघरचं काम होतं. विहिरीसारखे अरुंद खड्डे खणायचे आणि ती माती भोपळ्याच्या तुंब्यात पाण्यानं हलवत धुवायची. १७९० च्या दशकात त्या भागात फिरलेल्या मुंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशानं धुण्याचं हे काम बायका करताना पाहिलं. अशा कामावर पहारा बसवता येत नाही. धनी त्रासदायक झाला तर खणणं थांबवायचं किंवा नदीपलीकडे जायचं, एवढं त्या लोकांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी शतकानुशतकं वापरलेलं दिसतं. जगातला सर्वांत श्रीमंत म्हणवला जाणारा राजा ज्यांच्या श्रमावर श्रीमंत होता, त्यांना तो हुकूम देऊ शकत नव्हता. या व्यापाराच्या इतिहासातलं हे सर्वांत क्रांतिकारक वाक्य आहे आणि ते एकाही व्हायरल मजकुरात नाही.

ज्याला हे कळलं नाही त्याचं काय झालं, तेही इतिहासात आहे. मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर तघाझाच्या मिठावर हक्क सांगत सांगत थेट सोन्यावर झडप घालायला निघाला. १५९१ च्या मार्चमध्ये जुदार पाशाच्या हाताखालच्या त्याच्या बंदूकधारी फौजेनं वाळवंट ओलांडून तोंदिबीला सोंघाय साम्राज्याचा (मालीनंतर त्या भागात मोठं झालेल्या राज्याचा) धुव्वा उडवला. त्याची राजधानी गाओला पोचल्यावर जुदारनं कळवलं की इथल्या राजवाड्यापेक्षा मराकेशच्या गाढववाल्यांच्या मुकादमाचं घर बरं. काही वर्षं सोनं मिळालं. खाणी शेकडो मैल पुढे, आणि त्या हाताला लागल्याच नाहीत. साम्राज्य मोडलं ते मोडलंच.

आणखी एका मालाबद्दल बोलायला हवं. मजकुरात तो असतो, पण शोभेसाठी: 'बारा हजार गुलाम'. जणू उंट आणि झालरी यांच्याच रांगेतली सजावट. १३५३ मध्ये परतताना इब्न बतूता सहारातल्या ताकेद्दा गावाहून ज्या तांड्याबरोबर निघाला त्यात सहाशे गुलाम बायका होत्या. एका तांड्यात. वाळवंट त्यांनी ओलांडायचं ते कुणाच्या तरी घरात विकलं जाण्यासाठी. ताकेद्दाच्या तांब्याच्या खाणीत राबायचे तेही गुलाम. सोनं उत्तरेला, मीठ दक्षिणेला असं शाळकरी नकाशावरचं जे सुबक बाणाचं चित्र असतं, त्यात हा तिसरा बाण काढायचा राहून जातो. आफ्रिकेच्या गुलामगिरीची गोष्ट अटलांटिकपासून सुरू करणाऱ्यांनाही तो गैरसोयीचा, आणि मालीचं वैभव गाणाऱ्यांनाही. मॉरिटानियानं गुलामगिरी कायद्यानं रद्द केली ती १९८१ मध्ये, आणि तिला गुन्हा ठरवलं २००७ मध्ये. तघाझाच्या दक्षिणेला असलेल्या ताउदेन्नीत मीठ अजून निघतं. तिथे १९६९ ते १९८८ मालीच्या लष्करी राजवटीचा तुरुंग होता आणि राजकीय कैद्यांना मीठ खणायला लावत. राजा बदलला, राजवट बदलली, त्या कामाला माणूस मात्र जबरदस्तीनंच आणावा लागला.

हा व्यापार आपल्यापासून वाटतो तितका लांब नव्हता, हेही सांगायला हवं. मालदीवच्या कवड्या इब्न बतूतानं दोन्ही टोकांना पाहिल्या. तो तिथे काझी होता तेव्हा एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, भाव पडला की त्याहूनही जास्त. माली आणि गाओमध्ये एका दिनाराला साडेअकराशे. दिनार दोन्हीकडे सारखा धरला तर हा जवळजवळ साडेतीनशेपट फरक. त्या कवड्या हिंदी महासागर, तांबडा समुद्र, कैरो आणि मग सहारा असा प्रवास करून नायजरच्या काठी पोचत. मॉरिटानियाच्या मादेन इजाफेनमध्ये १९६४ साली थिओदोर मोनो या फ्रेंच संशोधकाला वाळूत पुरलेलं एका तांड्याचं सामान सापडलं: सुमारे दोन हजार पितळी कांबी आणि सोबत कवड्या. बाराव्या शतकाच्या आसपासचं. कुणीतरी 'परत येऊन नेऊ' म्हणून पुरलं असणार, आणि कुणी आलं नाही. उलट दिशेला पाहा. पश्चिम आफ्रिकेच्या सोन्याचा मोठा भाग भूमध्य समुद्राच्या टांकसाळींत जाई. १२५२ ला फ्लॉरेन्सचा फ्लोरिन, १२८४ ला व्हेनिसचा डुकाट ही सोन्याची नाणी निघाली. डुकाट पुढे आपल्या किनाऱ्यावर इतका चालला की त्याच्या नकला इथे घडू लागल्या, आणि पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्या त्याच घराण्यातल्या. आजीच्या माळेतला कण बांबुकचा की हंगेरीचा हे कुणी सांगू शकणार नाही. सोनं वितळलं की त्याचा पत्ता पुसला जातो.

पत्ता पुसणं हाच तर या धंद्याचा पाया होता. दहाव्या शतकातला इब्न अल-फकीह लिहितो की घानात सोनं वाळूत गाजरासारखं उगवतं आणि सूर्योदयाला उपटतात. १४४७ मध्ये जिनोआचा अंतोनियो मालफांते सहारातल्या तुआत मरूद्यानात जाऊन बसला, तो सोन्याचा उगम विचारत. त्याचा यजमान मुरलेला व्यापारी. तो म्हणाला, मी चौदा वर्षं तिकडे काढली, पण सोनं असं निघतं आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं, असं खात्रीनं सांगणारा एकही माणूस मला भेटला नाही. खरंच माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, कोण जाणे.

आज उगम माहीत आहे. बांबुकच्या त्याच पट्ट्यात, फालेमे नदीच्या काठी, लुलो-गुनकोतो ही मालीची सर्वांत मोठी सोन्याची खाण आहे. २०२३ मध्ये माली सरकारनं खाणकायदा बदलून आपला वाटा वाढवला, त्यावरून कॅनडाच्या बॅरिक कंपनीशी भांडण पेटलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं खाणीतलं सोनं उचलून नेलं. त्या सरकारची लष्करी धाटणी मला मुळीच मान्य नाही, पण वाट्याचा प्रश्न विचारायचा त्यांचा हक्क मान्य आहे. माली आफ्रिकेतल्या मोठ्या सोने-उत्पादक देशांपैकी एक आहे, आणि मानव विकास निर्देशांकात जगातल्या तळाच्या देशांपैकीही एक. मोठ्या खाणींच्या बाहेर लाखो लोक हातानं खड्डे खणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये केनिएबाजवळ सोडून दिलेल्या खाणीत माती ढासळून चाळीसहून अधिक माणसं मेली. बहुतेक बायका होत्या. केनिएबा हेही बांबुकच.

या हातानं काढलेल्या सोन्याचा मोठा वाटा नोंदीशिवाय देशाबाहेर जातो आणि दुबईला पोचतो. तिथे ते वितळतं. भारत दुबईकडून सोनं घेतो, २०२२ च्या व्यापार करारानंतर काही प्रमाणात सवलतीच्या शुल्कानं. एप्रिल २०२३ पासून आपल्याकडे दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी हॉलमार्क क्रमांक सक्तीचा झाला. तो टाकून पाहिला की दागिना कुठल्या सराफानं नोंदवला, कुठल्या केंद्रात तपासला आणि किती कॅरेटचा आहे हे कळतं. सोनं कुठल्या खाणीतलं, हा रकाना त्यात नाही. ग्राहक संघटनांनी हॉलमार्कसाठी जेवढी वर्षं भांडण केलं तेवढी या एका रकान्यासाठीही करायला हरकत नाही, आणि सराफांकडून 'हे शक्यच नाही' असं उत्तर येईल तेव्हा पुढचा प्रश्न हाच विचारायचा, की मग शुद्धतेची साखळी कशी काय शक्य झाली?